कंपाउंड धनुष्याला फटका बसला तर: तपासणी, दुरुस्ती आणि बाणाच्या वजनाचा हिशेब

कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य, ओढताना लिम्बमध्ये (वर-खालच्या लवचिक पात्यांत) जी ताकद साठते, ती सोडल्यावर कुठेतरी जाणारच. दोरीवर बाण असेल तर तिचा मोठा वाटा बाण घेऊन जातो आणि पाचवा-सहावा हिस्सा धनुष्यातच थरथर नि आवाज होऊन जिरतो. ओढायला ५० पाउंड जोर लागणाऱ्या धनुष्यातून ३२० ग्रेनचा (सुमारे २१ ग्रॅमचा) बाण सेकंदाला २५० फुटांनी सुटला, तर तो सुमारे ६० जूल ऊर्जा घेऊन निघतो. तीन किलोचा दगड दोन मीटरवरून पायावर पडला तर जेवढं लागेल, तेवढी. बाणच नसेल तर हा सगळा दणका लिम्ब, कॅम, ॲक्सल (कॅम ज्यावर फिरतो तो दांडा) आणि केबलींवर (दोन्ही कॅम जोडणाऱ्या दोऱ्यांवर) येतो. हाच ड्राय फायर. बाण आहे पण फार हलका आहे, तर हाच प्रकार थोडा थोडा करून रोज होतो. म्हणून ‘धनुष्य बिघडलं, काय करू?’ आणि ‘बाण किती वजनाचा घेऊ?’ हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. लिम्ब नवे आणले आणि बाण तेच ठेवले, तर नवे लिम्बही जुन्यांच्याच वाटेने जातील.

पहिली पाच मिनिटं

ड्राय फायरनंतर हात आपोआप दोरीकडे जातो. ‘जरा ओढून बघू, चालतंय का.’ नेमकं हेच करायचं नाही. तडा गेलेला लिम्ब न ओढता शाबूत दिसतो आणि पूर्ण ओढल्यावर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, फुटतो. बाण लावून ओढलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही.

स्ट्रिंग (बाण लावायची दोरी) आणि केबली जागेवर असतील तर धनुष्य मॅटवर आडवं ठेवा, कॅमवर टेकवून उभं करू नका. आधी ॲक्सलच्या दोन्ही टोकांच्या ई-क्लिप, म्हणजे त्याला जागेवर धरणाऱ्या कड्या, बघा. दणक्यात नखाएवढी ही क्लिप उडून गवतात जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मग पुढच्या पाच-दहा बाणांत ॲक्सल सरकत बाहेर येतो. क्लिप एकच गायब असली तरी धनुष्य बंद.

स्ट्रिंग कॅमवरून उतरली असेल तर प्रकरण जास्त नाजूक आहे. धनुष्य ढिलं दिसतं, पण लिम्ब अजून ताणलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हर घालून स्ट्रिंग परत चढवायचा प्रयत्न करू नका आणि ‘ताण कमी होईल’ म्हणून लिम्ब आवळून धरणारे बोल्टही सैल करू नका. एखादा धागा कॅमच्या खाचेच्या कडेवर अडकून सगळं तोलून धरत असतो. बाकीच्यांना बाजूला करा, जाड चादरीत किंवा गोधडीत गुंडाळा आणि जिथे बो प्रेस (लिम्ब दाबून दोरी ढिली करणारं यंत्र) आहे तिथे जसंच्या तसं न्या.

गुंडाळण्याआधी फोनवर फोटो काढा: दोन्ही कॅम दोन्ही बाजूंनी, लिम्ब पॉकेट (लिम्ब बसतो ती खोबण), केबल गार्ड (केबली बाणाच्या वाटेतून बाजूला धरणारा दांडा) आणि लिम्बवरचं किंवा रायझरवरचं (मधल्या धातूच्या भागावरचं) लेबल. लेबलवर ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर), ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी), स्ट्रिंग-केबलची लांबी आणि सिरियल नंबर असतो. पुण्या-मुंबईहून पार्ट मागवताना पहिला प्रश्न याचाच येतो. वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते आणि ड्राय फायर तिच्यात बसत नाही.

तपासणी

सामान साधं आहे: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, कापूस, ईअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्टीलची पट्टी, मीटर टेप आणि जाड काचेचा तुकडा. भिंग नागपूरच्या इतवारीत सराफी अवजारं विकणाऱ्यांकडे बघा. तिथेच ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटाही घेऊन ठेवा, पुढे बाणांना लागणार आहे.

सुरुवात मापांपासून करा. वरच्या ॲक्सलच्या मध्यापासून खालच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून स्ट्रिंगपर्यंतचं काटकोनातलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट. दोन्ही कंपनीच्या आकड्यांशी ताडून बघा. तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर काहीतरी वाकलंय, ताणलंय किंवा सरकलंय. कालपर्यंत बरोबर असलेली मापं आज एकदम बदलली असतील तर आधी कॅम आणि ॲक्सलवर संशय घ्या. महिनोन्‌महिने हळूहळू बदलत गेली असतील तर स्ट्रिंग-केबल ताणली गेली असण्याची शक्यता जास्त.

लिम्बला सगळ्यात जास्त वेळ द्या. अल्कोहोलने पुसून घ्या, खोली अंधारी करा आणि टॉर्च लिम्बला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात न दिसणारी रेघ अशा तिरप्या उजेडात सावली टाकते. मग कापसाचा सैल बोळा लिम्बच्या चारही कडांवरून हलक्या हाताने, टोकापासून पॉकेटपर्यंत आणि परत, फिरवा. कापूस जिथे अडकेल, तिथे तंतू उचलला गेलाय. हे उघड्या बोटांनी करू नका. फायबरग्लासची कुसळं कातडीत घुसली की दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत.

तीन जागा नीट बघायच्या: टोकाला ॲक्सलच्या भोकाभोवती, पॉकेटमधून लिम्ब बाहेर येतो तिथे, आणि अखंड लिम्ब असेल तर दुभागलेल्या टोकाच्या बेचक्यात. नुसता रंग तडकलेला आणि लिम्ब तडकलेला, यात नवखा माणूस फसतो. रंगावरची चीर साधारणपणे आडवी किंवा वेडीवाकडी असते आणि वरच्या थरातच संपते. लिम्बचा तडा तंतूंच्या दिशेने, लांबीत धावतो, आणि कडेवरून पाहिलं तर थर सुटलेला किंवा पांढुरकी रेघ दिसते. खात्री होत नसेल तर रेघेची दोन्ही टोकं पेन्सिलीने खूण करून फोटो काढा आणि प्रेस असणाऱ्याला दाखवा. खात्री होत नाही तोवर धनुष्य ओढायचं नाही.

कॅमच्या खाचेतून ईअरबड फिरवा. कापूस ओढला गेला तर तिथे धार निघाली आहे, आणि ती धार नवी स्ट्रिंग आठवड्यात कापते. धनुष्याच्या मागे उभं राहून स्ट्रिंगच्या रेषेत दोन्ही कॅम बघा. थोडा झुकाव कित्येक धनुष्यांत मुळातच असतो, पण वरचा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे असं चित्र दिसलं, किंवा स्टीलची पट्टी कॅमच्या पाठीला सपाट बसली नाही, तर कॅम किंवा ॲक्सल वाकलाय. कुठला, ते प्रेसमध्ये उघडल्यावरच कळतं. ॲक्सल काढून काचेवर हलकेच लोळवा आणि पलीकडून टॉर्च मारा. सरळ असेल तर खालची उजेडाची फट एकसारखी राहते, वाकला असेल तर ती उघडझाप करते. बेअरिंग बोटाने फिरवताना खरखर लागली तर तेही बदलायचं.

स्ट्रिंग-केबलवर सर्व्हिंग (संरक्षणासाठी गुंडाळलेला दोरा) सरकून फटी पडल्या आहेत का, एखादा धागा तुटलाय का, पीपपाशी (नेम धरायला स्ट्रिंगमध्ये बसवलेल्या कडीपाशी) धागे कापले गेलेत का, हे बघा. एक धागा जरी तुटला असेल तरी पूर्ण सेट बदला, नुसती स्ट्रिंग नको. जुन्या केबली आणि नवी स्ट्रिंग वेगवेगळ्या वेगाने ताणतात आणि टायमिंग, म्हणजे दोन्ही कॅमचं एकाच वेळी फिरणं, कधीच स्थिर राहत नाही.

रायझरला तडा क्वचितच जातो. पॉकेटच्या बोल्टभोवती आणि साइट विंडोच्या (नेम धरायला रायझरमध्ये कापलेल्या जागेच्या) कोपऱ्यांत भिंगाने बघितलं की पुरे. केबल गार्डचा दांडा वाकला नाही ना, त्याचा रोलर फिरतो का आणि रेस्टची (बाण टेकवायच्या आधाराची) ब्लेड सरळ आहे का, हेही एकदा बघून घ्या.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही

लिम्बला तडा गेला की लिम्ब बाद. एपॉक्सी, फेव्हिक्विक, वरून कार्बनची पट्टी, यातलं काहीही नको. लिम्बची ताकद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावणाऱ्या तंतूंत असते. गोंद थर चिकटवतो, तुटलेला तंतू जोडत नाही. बदलताना सगळे लिम्ब बदला: अखंड असतील तर दोन्ही, दुहेरी असतील तर चारही. कंपन्या लिम्ब लवचिकता मोजून जुळवून देतात. तीन जुने आणि एक नवा असं केलं तर कॅम झुकतो आणि पेपर ट्यूनिंगमध्ये (ताणलेल्या कागदातून बाण मारून फाट बघतात त्यात) आडवी फाट काही केल्या जात नाही.

ॲल्युमिनियमच्या रायझरला वेल्डिंग करू नका, वेल्डर कितीही कसबी असो. रायझरचा मिश्रधातू उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा भाग पुन्हा मऊ पडतो आणि पुढची चीर तिथूनच निघते.

ॲक्सलबाबत नागपुरात एक मोह हमखास होतो. हिंगणा एमआयडीसीत लेथवर दोन तासांत आणि चहाच्या पैशात तसाच दांडा करून मिळतो. दिसायला तंतोतंत, पण साध्या मऊ पोलादाचा. मूळ ॲक्सल कठीण केलेला आणि ग्राइंड करून मापात आणलेला असतो. मऊ दांडा काही शेकडा बाणांतच वाकतो आणि बेअरिंगही खातो. कंपनीचा ॲक्सल मागवा, सोबत नव्या ई-क्लिप घ्या. काढलेली क्लिप एकदा ताणली जाते, ती पुन्हा बसवायची नाही.

प्रेस कुठली आहे तेही विचारा. हल्लीच्या धनुष्यांचे लिम्ब जवळजवळ समांतर असतात. त्यांना टोकांवर बाहेरून आत दाबणारी प्रेस लागते. लिम्बच्या मध्यावर जोर देणारी जुनी प्रेस अशा लिम्बला स्वतःच तडा देते. मैदानावर वापरायची तारांची छोटी प्रेस चांगल्या धनुष्याची पीप फिरवायला ठीक आहे, फटका बसलेल्याला नाही.

फटका बसला कशामुळे?

पार्ट यायला वेळ लागतो. तेवढ्यात कारण शोधून ठेवा.

पाहुण्याने किंवा नव्या मुलाने बाणाशिवाय ओढून सोडलं असेल तर उत्तर सरळ आहे, त्यात शोधायचं काही नाही. बाण लावलेला असूनही दणका बसला असेल तर नॉक, म्हणजे बाणाच्या मागची स्ट्रिंगवर बसणारी खाच, बघा. मागून दुसरा बाण आदळला की नॉकला केसाएवढी चीर जाते. पुढच्या वेळी सुटताना नॉक फुटतो, बाण खाली पडतो आणि धनुष्य रिकामंच सुटतं. एकमेकांना लागलेल्या प्रत्येक बाणाचा नॉक बोटांनी दाबून, पिळून बघायचा. शंका आली तर टाकून द्या. काही रुपयांचा नॉक वाचवून लिम्बचा सेट घालवण्यात अर्थ नाही.

नॉक स्ट्रिंगवर सैल बसत असेल तरीही हेच होतं. बाण स्ट्रिंगला लावून जमिनीकडे लोंबकळत ठेवा. स्वतःच्या वजनाने पडला तर सैल, तिथली सर्व्हिंग जरा जाड दोऱ्याने परत गुंडाळावी लागेल. स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारल्यावर सुटला तर बरोबर. ओढूनच काढावा लागला तर घट्ट. उलट बाजूने, डी-लूपच्या (स्ट्रिंगवर बांधलेल्या, ओढायच्या छोट्या फासाच्या) गाठी नॉकला चिकटून बांधल्या असतील तर पूर्ण ओढल्यावर स्ट्रिंगचा कोन तीव्र होतो, गाठी नॉकला चिमटतात आणि बाण पुढे सरकवतात. गाठ आणि नॉक यांत अर्धा ते एक मिलिमीटर जागा हवी.

यांपैकी काहीच नसेल, लिम्ब ‘आपोआप’ गेला असेल आणि सर्व्हिंग कॅमपाशी वारंवार सुटत असेल, साइटचे (नेम धरायच्या साधनाचे) स्क्रू रोज ढिले होत असतील, सुटताना कडक टणत्कार येऊन तळहाताला झिणझिण्या येत असतील, तर बाण हलका आहे. आता तिकडेच वळू.

बाणाच्या वजनाचा हिशेब

धनुर्विद्येत बाण ग्रेनमध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, आणि एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. सराफी काट्यावर ग्रेनचं सेटिंग असतं, तिथे ‘जीएन’ अशी अक्षरं दिसतात. घाईत ग्रॅमचाच आकडा ग्रेन समजून लिहू नका.

बहुतेक कंपन्यांची खालची मर्यादा ड्रॉ वेटच्या प्रत्येक पाउंडाला ५ ग्रेन अशी असते. ५० पाउंडांच्या धनुष्याला किमान २५० ग्रेन. कंपन्या जाहिरातीत वेगाचे जे आकडे छापतात, तेही ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा बाण, म्हणजे नेमक्या याच काठावर काढलेले असतात. काठावर चालायची आपल्याला गरज नाही. टार्गेटसाठी पाउंडाला ६ ते ७.५ ग्रेन ही जागा योग्य: धनुष्याला सुखाची, आवाजाला शांत, आणि ५० मीटरला साइट पुरेल इतपत वेगाची. बाण जड झाल्याने धनुष्याचं काहीच बिघडत नाही, फक्त वेग कमी होतो. उलट इंटरनेटवर ९-१० ग्रेनचे जे सल्ले सापडतात ते परदेशी शिकाऱ्यांसाठी असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ताडोबा-पेंचच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांनी तर ते पान उलटून पुढे जावं.

पहिलं पाऊल: खरं ड्रॉ वेट मोजा. लेबलवर ५० असलं तरी बोल्ट पूर्ण आवळल्यावर ५२-५३ भरणं नवलाचं नाही. यासाठी कमाल आकडा धरून ठेवणारा बो स्केल लागतो. बॅग तोलायचा साधा डिजिटल काटा फसवतो, कारण तो स्थिर झालेला आकडा पकडतो. कंपाउंडमध्ये जोर मध्येच सर्वाधिक असतो आणि शेवटी सुटतो. ७० टक्के लेट-ऑफचं (पूर्ण ओढल्यावर जोर ७० टक्क्यांनी कमी होणारं) ५० पाउंडांचं धनुष्य अशा काट्यावर १५ पाउंड दाखवेल. स्केल भक्कम हुकाला टांगा, डी-लूप त्यात अडकवा, ग्रिप दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली ओढा आणि तितक्याच सावकाश वर सोडा. स्पर्धा खेळणाऱ्यांना ६० पाउंडांच्या वर जाता येत नाही, ती वर्ल्ड आर्चरीची मर्यादा आहे.

दुसरं पाऊल: लांबी. पूर्ण ओढल्यावर शाफ्टचं (बाणाच्या दांड्याचं) टोक रेस्टच्या ब्लेडच्या किमान एक इंच पुढे हवं. वाढत्या वयाच्या मुलांना दोन इंच ठेवा, सहा महिन्यांत हात लांबतो. बाण ब्लेडच्या मागे ओढला गेला तर तो हातात घुसतो. इथे वजन वाचवायला जाऊ नका.

तिसरं पाऊल: स्पाइन, म्हणजे शाफ्टचा ताठपणा. शाफ्ट २८ इंचांवर दोन टोकांना टेकवून मध्यभागी १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम टांगलं की तो जितका वाकतो, तो आकडा. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. आकडा लहान तितका शाफ्ट ताठ. २७-२८ इंच लांबीला आणि ५० पाउंडांना ५०० च्या आसपासचा शाफ्ट येतो. नेमका आकडा शाफ्ट कंपनीच्या चार्टवरून घ्या. चार्टमध्ये बाण एक इंच लांब केला की साधारण पाच पाउंड वाढवल्यासारखं धरतात. पॉइंट (बाणाचं धातूचं टोक) जड केला की शाफ्ट मऊ असल्यासारखा वागतो. म्हणजे वजन वाढवायचं म्हणून नुसता जड पॉइंट लावला तर स्पाइन बिघडते. दोन शाफ्टच्या मध्ये अडकलात तर ताठ घ्या. रिलीजने (बोटांऐवजी दोरी सोडणाऱ्या हातातल्या साधनाने) सोडलेल्या कंपाउंडला ताठ शाफ्ट खपतो, मऊ शाफ्ट नाही.

चौथं पाऊल: बेरीज. शाफ्टचं वजन प्रति इंच ग्रेनमध्ये दिलेलं असतं. समजा ते ७ आहे आणि लांबी २७ इंच.

शाफ्ट २७ × ७ = १८९
पॉइंट = १००
नॉक आणि पिन = १५
तीन व्हेन (बाणाची पिसं), गोंदासकट = १५
एकूण = ३१९ ग्रेन

३१९ ला ५० ने भागलं की ६.४. उत्तम. आता शाळकरी मुलाचं ३८ पाउंडांचं धनुष्य घ्या: २६ इंचांचा, इंचाला ६ ग्रेनचा शाफ्ट १५६, पॉइंट ९०, नॉक आणि व्हेन मिळून २४, एकूण २७०. पाउंडाला ७.१. हाही छान.

गोची होते ती बाण बदलल्याने नव्हे, धनुष्य बदलल्याने. कुणाकडे २६५ ग्रेनचे बाण आहेत आणि धनुष्य ५० पाउंडांचं, म्हणजे ५.३, काठावर पण आत. स्पर्धा जवळ आली, ताकद वाढली, म्हणून बोल्ट आवळून ५५ केलं. बाण तेच. आता हिशेब ४.८. कुणीही चूक केल्यासारखं वाटत नाही आणि धनुष्य रोज मार खातंय. ड्रॉ वेट वाढवलं की त्याच दिवशी भागाकार पुन्हा करायचा, आणि स्पाइनचा चार्टही पुन्हा बघायचा.

पाचवं पाऊल: तोल. तयार बाण सुरीच्या पाठीवर तोलून धरा. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी मोजा, तोलबिंदू मध्यापासून किती पुढे आहे ते मोजा आणि लांबीने भागा. वरच्या २७ इंचांच्या बाणाचा तोल नॉकपासून सुमारे १६.४ इंचांवर येतो. मध्य १३.५ वर, फरक २.९, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. मैदानी टार्गेटला १० ते १५ टक्के बरे. याहून कमी असेल तर बाण वाऱ्यात शेपूट हलवतो.

सहावं पाऊल: साइट. वजन वाढलं की ५० मीटरला साइट खाली उतरवावी लागते आणि एका टप्प्यानंतर व्हेन स्कोपला (साइटवरच्या भिंगाला) घासायला लागते. ५० मीटरची खूण लावून, बाण दोरीवर ठेवून, न ओढता बाजूने बघा. व्हेनची वाट आणि स्कोपचा खालचा काठ यांत बोटभर जागा हवी. ती नसेल तर पॉइंट १०-२० ग्रेनने कमी करा. मात्र पाउंडाला ६ च्या खाली जायची वेळ आली तर साइटचा बार लांबवून बघा, बाण हलका करू नका. १८ मीटरच्या इनडोअरला ही अडचणच नसते. तिथे नियमाप्रमाणे ९.३ मिलिमीटरपर्यंतचा जाड शाफ्ट वापरता येतो, हवा तितका जड.

डझनभर बाण एका वजनाचे

एकूण वजनाएवढंच सगळे बाण सारखे असणं महत्त्वाचं. ३२० ग्रेनच्या बाणात ३ ग्रेनचा फरक पडला की वेग साधारण एक फुटाने बदलतो. ५० मीटरला त्याने बाण सुमारे पावणेदोन सेंटिमीटर वर-खाली लागतो. १० ग्रेनचा फरक म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर. ८० सेंटिमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, म्हणजे मध्यापासून चारच सेंटिमीटर. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. त्या पंधरा बाणांत कुठेही दहा ग्रेनची तफावत खपली नसती. सरावाला तीन ग्रेनपर्यंत, स्पर्धेच्या सेटला एक ग्रेनपर्यंत फरक ठेवा.

तोलताना काट्यावर बाटलीचं झाकण ठेवा, शून्य करा आणि बाण त्यावर आडवा टेकवा. टोकं टेबलाला लागू देऊ नका. पंखा बंद, कूलर बंद. कूलरच्या झोतात आकडा ठरत नाही आणि माणूस काट्याला दोष देतो. जड निघालेल्या बाणाचा नॉक किंवा पॉइंट दुसऱ्याशी अदलाबदल करून बघा, निम्मी तफावत तिथेच मिटते. प्रत्येक बाणावर आकडा लिहा.

तोलण्याआधी प्रत्येक कार्बन शाफ्ट दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून दूर, हलका वाकवा आणि पिळा. कट्‌कट् ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर तो हातातून आरपार जातो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ओढताना

आधी ड्रॉ बोर्डवर. जाड फळीवर ग्रिप अडकवायचा खुंटा आणि दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायची छोटी विंच, एवढंच ते यंत्र. हळूहळू ओढत दोन्ही कॅमचे स्टॉप (ओढ थांबवणारे खुंट) एकाच वेळी टेकतात का बघा. एक आधी टेकत असेल तर केबलला अर्धा पीळ देऊन परत बघा. कुठल्या केबलला आणि कुठल्या दिशेने, हे कॅमच्या प्रकारावर असतं, तिथे मॅन्युअल उघडायचं. एका वेळी अर्ध्याच्या वर पीळ देऊ नका आणि दिलेला प्रत्येक पीळ लिहून ठेवा.

मग दोन्ही लिम्ब बोल्ट सारखेच, मॅन्युअलमधल्या मर्यादेतच सैल करून ड्रॉ वेट खाली आणा. चष्मा लावा, तीन मीटरवरून बट्टावर (बाण अडवणाऱ्या जाड लक्ष्यावर) पाच बाण मारा आणि पुन्हा कापूस फिरवा. नंतर वीस-पंचवीस बाण आणि पुन्हा कापूस, पुन्हा ब्रेस हाइट. नवी स्ट्रिंग पहिल्या शंभरेक बाणांत थोडी बसते, तोवर साइटचे आकडे पक्के करण्यात वेळ घालवू नका.

नवतपा आणि कूलर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीत आणखी कितीतरी जास्त. त्या गाडीत तासभर ठेवलेल्या केसमध्ये तीन गोष्टी होतात: पॉइंटचा हॉट-मेल्ट गोंद मऊ पडून पॉइंट बट्टातच राहतो, व्हेनच्या कडा वळतात, आणि ताणाखालची स्ट्रिंग लांबते. लिम्बचे थर सुटायलाही हीच उष्णता निमित्त होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, केस गाडीत ठेवायचीच नाही, टिनाखालच्या खोलीतही नाही. पॉइंट परत बसवताना किंवा काढताना लायटर नको. शाफ्टचा रेझिन आचेने मरतो. पॉइंटचं टोक अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात धरा आणि पकडीने ओढा.

धनुष्य कूलरसमोरच्या भिंतीवर टांगणं हीही इथलीच चूक. दोन महिने ओल्या हवेत राहून ॲक्सलची टोकं आणि ई-क्लिप गंजतात. स्ट्रिंगला मेण लावताना बोटांनी चोळून गरम करा, सर्व्हिंगवर लावू नका, आणि स्ट्रिंगचंच मेण वापरा, मेणबत्तीचं नाही.

जुनं धनुष्य विकत घेताना

वरची सगळी तपासणी पैसे देण्याआधी करायची, ओढून बघणं त्यानंतर. विकणारा ‘आधी ओढून तर बघा’ म्हणाला तरी कापूस आणि टॉर्च आधी. लेबलवरचं ड्रॉ वेट आणि स्केलवरचं यात पाच पाउंडांहून जास्त तफावत असेल तर लिम्ब किंवा मॉड्यूल (कॅमवरचा बदलता येणारा तुकडा) कधीतरी बदललेत, ते विचारा. सोबत मिळणारे बाण फुकट म्हणून तसेच वापरू नका. आधीचा मालक कदाचित ४२ पाउंडांवर खेळत असेल. तोला, तुमच्या ड्रॉ वेटने भागा. पाचाच्या खाली आले तर नॉक आणि पॉइंट काढून ठेवा. शाफ्ट कमी पाउंडांच्या एखाद्या मुलाला, स्पाइन आणि लांबी जुळत असेल तर, चालतील.